नुसतं फूल काय सांगणार?

पाऊस स्थिरावला की सह्याद्रीत भटकणाऱ्यांचे मोबाइल फुलांनी भरतात. मग प्रश्न एकच, ‘हे काय आहे?’ २००८ मध्ये बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून सुरू केलेल्या आयनॅचरलिस्टवर अनोळखी जाणकार त्याचं उत्तर देतात, तेही फुकट. विचारणारा मात्र बहुतेकदा फुलाचाच फोटो टाकून मोकळा होतो. पानांची मांडणी, खोड, शेंग यांचा पत्ता नाही.

टाकळ्याचंच पाहा. पानात पर्णिकांच्या सहसा तीन जोड्या. खालच्या दोन जोड्यांपाशी देठावर बारीकशी ग्रंथी. त्याच्या अगदी जवळच्या भाईबंदाला ती बहुधा फक्त सर्वांत खालच्या जोडीपाशी. पिवळ्या फुलाच्या फोटोत हे दिसणार कसं?

आणि नाव कळलं म्हणजे भाजी लगेच चुलीवर चढवायची, असंही नाही. शेवळं काकडांच्या किंवा चिंचेच्या आंबटाशिवाय शिजवली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. बाजारात ती विकणाऱ्या आदिवासी बायका हे आपणहून सांगतात. लॅटिन नाव सांगत नाही. कळलावीच्या कंदातलं कोल्चिसिन तर जीवही घेऊ शकतं.

दुर्मीळ कंदीलपुष्प सापडल्यावर ठिकाण जाहीर करण्याचा उत्साहही आवरलेला बरा. धोक्यातल्या प्रजातींची ठिकाणं आयनॅचरलिस्ट धूसर करतं; व्हॉट्सॲपच्या गटात ती सोय नाही.