आरशापेक्षा वही खरी

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळने महाराष्ट्र केसरीची गदा उंचावली. अशा कुस्त्या पाहून घरी परतणाऱ्या अनेक तरुणांच्या डोळ्यांसमोर मल्लाचे दंड आणि मान राहते. ती कमावायला किती वर्षे लागली, हे मात्र मैदानात दिसत नाही. मग सावेडीतल्या किंवा पाइपलाइन रोडवरच्या एखाद्या जिममध्ये तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले जातात. कुणाचे लग्न ठरलेले असते, कुणी पोलीस भरतीची तयारी करत असतो, कुणाला डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवून धाडलेले असते. पहिला महिना उत्साहात जातो. दुसऱ्या महिन्यात यातली निम्मी मंडळी दिसेनाशी होतात आणि ‘चिकाटी नाही’ असा शिक्का त्यांच्यावर बसतो.

हा शिक्का बऱ्याचदा चुकीचा असतो. नवखा माणूस आळशी नसतो. तो प्रगती चुकीच्या ठिकाणी शोधत असतो. तो रोज आरशात पाहतो आणि पहिले काही आठवडे आरसा त्याला काहीच सांगत नाही.

यामागे शरीराचा साधा नियम आहे. १९७९ साली मोरितानी आणि डिव्हराइज या संशोधकांनी काही जणांकडून आठ आठवडे फक्त एका हाताने वजन उचलण्याचा सराव करून घेतला. त्या हाताची ताकद वाढली, पण सुरुवातीच्या आठवड्यांतली वाढ मुख्यतः स्नायू जाड झाल्यामुळे नव्हती. मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंतले अधिकाधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकले होते. विशेष म्हणजे, ज्या हाताने काहीच उचलले नव्हते त्याचीही ताकद वाढली. स्नायूंचा आकार वाढू लागतो तो नंतर, आणि तो डोळ्यांना जाणवायला आणखी काळ जातो. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत माणूस खरोखर बलवान होत असतो, फक्त दिसत नसतो.

धोका नेमका याच काळात असतो. ‘काही फरक पडत नाही’ असे वाटले की काही जण घरी बसतात, काही जण शेजारच्याकडे पाहून एकदम दुप्पट वजन लावतात आणि कंबर धरून बसतात, तर काही जण डब्यांकडे वळतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचा सल्ला दिला आहे. साठ किलो वजनाच्या प्रौढाची रोजची गरज साधारण ५० ग्रॅम प्रथिनांची असते, व्यायाम करणाऱ्याची थोडी अधिक. दुधाची सुबत्ता असलेल्या या जिल्ह्यात दूध, दही, डाळ, मटकी, शेंगदाणे आणि चालत असतील तर अंडी, एवढ्यावर ती भागते. डब्याच्या पुढची पायरी इंजेक्शनची असते, आणि ती जीवघेणी ठरू शकते. रक्तदाब वाढवणारे मेफेंटरमाइन हे औषध भूल देताना रुग्णालयात वापरले जाते. त्याचा बेकायदा साठा पकडल्याच्या बातम्या राज्यात अधूनमधून येतात. स्टेरॉइडमुळे हृदयाला इजा होते आणि पुरुषांना वंध्यत्वही येऊ शकते. दोन महिन्यांच्या अधीरतेसाठी ही किंमत कुणीही मोजू नये.

जुन्या तालमीला ही अधीरता ठाऊक होती. नवा पोरगा आला की वस्ताद त्याला लगेच कुस्तीला सोडत नसे. आधी हौद्याची माती खणायची, मग जोर-बैठका काढायच्या, आणि त्याही मोजून. आज पन्नास, पुढच्या आठवड्यात साठ. आकडा हीच प्रगती, आणि तो वस्तादाच्या ध्यानात असे. एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. शेकडो बैठकांनी दम वाढतो, पण ताकद वाढवायची तर संख्येबरोबर ओझेही वाढावे लागते. जिममधल्या लोखंडाचा उपयोग एवढाच की ते दोन-अडीच किलोंनी वाढवता येते.

म्हणून नवख्याला सगळ्यात आधी हवी ती दहा रुपयांची वही. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरतात, मध्ये एक दिवस विश्रांती. व्यायाम पाचच: बैठक, जमिनीवरून वजन उचलणे, छातीपासून पुढे ढकलणे, स्वतःकडे ओढणे आणि डोक्यावर उचलणे. प्रत्येकाच्या आठ ते बारा आवर्तनांच्या दोन फेऱ्या. थांबताना अजून दोन आवर्तने निघाली असती असे वाटावे, इतपतच वजन. उचलताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. कोंडल्याने रक्तदाब एकदम चढतो. बारा आवर्तने सफाईने जमली, की पुढच्या वेळी वजन थोडे वाढवायचे. दुसऱ्या दिवशी अंग दुखणे स्वाभाविक आहे; सांध्यात टोचणारी कळ किंवा छातीत दडपण स्वाभाविक नाही. तिथे थांबून डॉक्टरांना गाठायचे. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल त्याने तर सुरुवातच त्यांना विचारून करावी.

आरसा बाजूला ठेवला, की जिमची खरी गरज कुणाला आहे, हेही स्पष्ट होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसतो, पण त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वाधिक शोषतात ते स्नायूच. म्हणून चाळिशीतल्या मधुमेही शिक्षकाला आणि पन्नाशीतल्या गृहिणीला वजनांची गरज विशीतल्या पोरापेक्षा अधिक आहे. तरी ही मंडळी जिमच्या दारात संकोचतात.

वयाची सबबही टिकत नाही. १९९० साली डॉ. मारिया फियातारोने यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातील सरासरी नव्वद वर्षे वयाच्या रहिवाशांकडून आठ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. जागतिक आरोग्य संघटनाही सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची शिफारस करते.

जिमचालकांनी या जोरावर दोन गोष्टी कराव्यात. पैसे घेण्याआधी रक्तदाब मोजावा आणि आजारांची चौकशी करावी. आणि सभासदत्वाच्या पावतीबरोबर डब्यांच्या दरपत्रकाऐवजी एक कोरी वही द्यावी. दुपारच्या रिकाम्या वेळात महिला आणि ज्येष्ठांचा वर्ग लावला, तर यंत्रेही पडून राहणार नाहीत.

त्या वहीत मग वेगळ्याच नोंदी येतील. पहिल्या दिवशी खुर्चीचा आधार, तिसऱ्या आठवड्यात आधाराशिवाय दहा बैठका, दुसऱ्या महिन्यात हातात पाच किलो. आरशात तोच चेहरा असेल, पण पंगतीतून उठताना हात जमिनीला टेकवावा लागणार नाही.