कुत्र्याची भूल आणि अंगातली ऊब

इथे अमेरिकेत आपल्यापैकी कित्येकांना घरात सोबत असते ती कुत्र्याचीच. त्याचे दात साफ करायलाही पूर्ण भूल देतात आणि त्याआधी गुंगीचे औषध. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. एसप्रोमॅझिनने कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात व ऊब बाहेर जाते. डेक्समेडेटोमिडिनने त्या आवळतात, म्हणून ऊब थोडी अधिक टिकते. तरी भुलेखाली अंग गार पडतेच. लहानखुरा, म्हातारा कुत्रा लवकर गारठतो, शुद्धीवर उशिरा येतो.

औषध कोणते, ते डॉक्टर ठरवतील. पण निवृत्त नर्स म्हणून माझे ठाम मत आहे, की ऊब देणे गुंगीच्या औषधापासूनच सुरू व्हावे. सही करण्याआधी निःसंकोच विचारा: तापमान कोण मोजणार? पांघरूण कधी घालणार? तो पुरता जागा होईपर्यंत जवळ कोण असेल?