छपरावरचे टायर

रेल्वेची लघुप्रतिकृती उभारणे हा अमेरिकेतला जुना आणि प्रतिष्ठित छंद आहे. या छंदात सर्वाधिक रूढ असलेल्या प्रमाणाला 'एचओ' म्हणतात. मूळ वस्तू एक, तर प्रतिकृती तिचा ८७वा भाग. या हिशेबाने प्रौढ माणूस सुमारे २ सेंटिमीटरचा होतो आणि ६० फूट लांबीचे ट्रेलर-घर २१ सेंटिमीटरचे. रूळ, पूल, बोगदे मांडून झाले की छांदिष्टाला रुळांच्या कडेचे जग खुणावू लागते. त्या जगात पुष्कळदा एक ट्रेलर-पार्क असते, म्हणजे कारखान्यात पोलादी सांगाड्यावर तयार होऊन चाकांवरून आणलेल्या लांबट घरांची वसाहत. आणि इथे मांडणाऱ्याला हमखास विनोद सुचतो.

हा विनोद बराचसा ठरलेला असतो. अंगणात प्लास्टिकचे गुलाबी फ्लेमिंगो, विटांवर टेकवलेली बिनचाकी मोटार, उघड्यावर मांडलेला फाटका सोफा, केसांना कर्लर गुंडाळून दारात उभी असलेली स्त्री, बनियनवर बसलेला बिअरबाज आणि छपरावर जुने टायर. पाहणारा वाकून बघतो, हसतो आणि पुढे सरकतो. साहित्याच्या अभ्यासकांनी या हसण्यापाशी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते. कारण तपशील कशासाठी असतो आणि विनोद कुणाच्या बाजूने उभा राहतो, हे दोन्ही प्रश्न आपल्याच शास्त्रातले आहेत.

रोलाँ बार्थ यांनी १९६८ साली लिहिलेल्या एका निबंधात फ्लोबेरच्या कथेतील बॅरोमीटरचा दाखला घेतला होता. कथानकाला त्या बॅरोमीटरचा काही उपयोग नाही. 'हे वास्तव आहे' एवढेच सांगण्यासाठी तो तिथे आहे, असे त्यांचे प्रतिपादन. लघुप्रतिकृतीतला बहुतेक तपशील याच जातीचा असतो. विनोदी तपशिलाचे मात्र तसे नाही. त्याला वाचावे लागते. घराच्या छपरावर माणूस उभा आहे आणि शिडी खाली गवतात पडलेली आहे, एवढी मांडणी घ्या. या जगात हालचाल नाही, संवाद नाही; तरी क्षणापूर्वी काय घडले आणि आता काय होणार, हे आपण मनात रचतो. २ सेंटिमीटरच्या त्या माणसाला भूतकाळ मिळतो आणि अडचणही मिळते. बनियनवाल्या बिअरबाजाला यांपैकी काहीच मिळत नाही. तो माणूस नसून शेरा आहे, आणि तो शेरा मांडणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून तयार होता.

आता टायर पाहू. छपरावर टायर म्हणजे गबाळेपणा, असा पाहणाऱ्याचा ग्रह असतो. वस्तुतः जुन्या ट्रेलर-घरांचे छप्पर पातळ पत्र्याचे असते. वारा सुटला की तो पत्रा फडफडतो, रात्रभर घुमतो. वजनाला टायर ठेवले की आवाज कमी होतो. टायर फुकट मिळतात, गंजत नाहीत आणि पत्र्याला ओरखडाही पाडत नाहीत. ज्याला आपण विनोद समजतो ते कुणाचे तरी झोपेचे शहाणपण असते. ते ठाऊक असलेला कारागीरही टायर ठेवील, आणि पाहणारा कदाचित तरीही हसेल. पण आता ते हसू वाऱ्याशी चाललेल्या त्या खटपटीला दाद देणारे असेल.

फ्लेमिंगोची कथा याहून बोलकी आहे. डॉन फेदरस्टोन यांनी १९५७ साली मॅसॅच्युसेट्समधील लेमिन्स्टर येथील प्लास्टिकच्या कारखान्यासाठी तो घडवला. एकसारख्या घरांच्या नव्या उपनगरांतील हिरवळींवर तो आधी उभा राहिला. पुढे अभिरुचीचे वारे फिरले आणि तो हिणकसपणाची खूण ठरला. जॉन वॉटर्स यांच्या १९७२ च्या 'पिंक फ्लेमिंगोज' या चित्रपटात नायिकेच्या ट्रेलरपुढे तो उभा आहे, आणि तिथे तो मध्यमवर्गीय अभिरुचीला मुद्दाम डिवचण्यासाठी आहे. मांडणीच्या टेबलावरचा फ्लेमिंगो मात्र कुणालाच डिवचत नाही. तो पाहणाऱ्याला 'आपण असे नाही' एवढा दिलासा देतो.

यावर 'हा खेळ आहे, एवढे गांभीर्य कशाला?' असा आक्षेप येईल. आक्षेप रास्त ठरला असता, जर हा छंद अचूकतेबाबत उदासीन असता. पण या छंदात मालडब्याच्या पत्र्यावरील रिव्हेट मोजून चूक काढणारे लोक आहेत. त्यांना चिडवण्यासाठी 'रिव्हेट मोजणारे' असे नावही आहे. रिव्हेटांच्या संख्येबाबत सत्याचा आग्रह आणि माणसांबाबत ऐकीव चेष्टा, ही विभागणी आम्हांस मान्य होत नाही. ट्रेलर-पार्कचे सत्य असे की पुष्कळ ठिकाणी घर रहिवाशाचे आणि खालची जमीन दुसऱ्याची असते. जागेचे भाडे थकले तर घर हलवण्याचा खर्च झेपत नाही आणि नावापुरते चालते घर तिथेच सोडून जावे लागते. मॅथ्यू डेसमंड यांच्या 'एव्हिक्टेड' (२०१६) या पुस्तकात मिलवॉकीच्या अशा वस्तीचे सविस्तर चित्र आहे. तिथे विनोद नसतो असे नाही. तिथला विनोद तिथली माणसे करतात.

मराठी वाचकाला हा भेद सांगावा लागू नये. 'बटाट्याची चाळ' (१९५८) मध्ये दारिद्र्य, गबाळेपणा, फजिती यांची कमतरता नाही, पण पु. ल. देशपांडे चाळीकडे रस्त्यावरून पाहत नाहीत, ते चाळीतल्या माणसांत मिसळून हसतात. लघुप्रतिकृतीकारांतही हा सूर अनोळखी नाही. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन अॅलन यांनी उभारलेल्या विख्यात रेल्वेचे नाव 'गोर अँड डॅफेटिड'. त्याचा उच्चार करावा तसा केला की 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असा अर्थ निघतो. त्यांच्या यार्डात डबे ढकलायला एक स्टेगोसॉरस होता. १९७३ साली अॅलन यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच ती रेल्वे आगीत गेली. छायाचित्रांतून तिचा विनोद मात्र अजून टवटवीत आहे. कारण तो मांडणाऱ्याने स्वतःच्या वेडावर केलेला विनोद होता.

तेव्हा ट्रेलर-पार्क मांडूच नये, किंवा गंभीर मुद्रेने मांडावे, असे आमचे म्हणणे नाही. टायर ठेवावेत, फ्लेमिंगोही ठेवावा. पण प्रत्येक वस्तू ठेवताना 'ही इथे कुणी आणली आणि का?' एवढे स्वतःला विचारावे. उत्तर त्या घरात सापडले तर वस्तू ठेवावी. उत्तर केवळ पाहणाऱ्याच्या हसण्यात सापडत असेल तर ती उचलून घ्यावी. आणि काम संपल्यावर एकदा गुडघ्यांवर बसून, डोळे रुळांच्या पातळीला आणून पाहावे. तिथून छपरे दिसत नाहीत. दारे दिसतात, आणि दारांत उभी असलेली माणसे आपल्याएवढीच उंच दिसतात.