शिंक्यातली हिरवी माळ आणि वजूचे पाणी

लातूरच्या नर्सऱ्यांमधून येणाऱ्या टांगत्या कुंड्या आता आपल्या मुरुडच्या ओसऱ्यांतही दिसू लागल्या आहेत. कुंडीच्या काठावरून खाली उतरणाऱ्या, जाड रसदार पानांच्या या वेली. कुणी त्यांना सक्युलंट म्हणते, कुणी नुसते ‘मण्यांचे झाड’. विकणारा सांगतो, पाणी फार लागत नाही. ते खरेच आहे, पण घरी आल्यावर त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. तुळतुळीत रोप पाहून घरातला प्रत्येक जण येता-जाता तांब्याभर पाणी ओततो. महिनाभरात देठ काळे पडून रोप गळते आणि दोष उन्हावर जातो. आमच्या पाहण्यात उन्हापेक्षा पाण्याने मेलेली रोपे जास्त आहेत.

या झाडांची तऱ्हाच वेगळी. बहुतेक झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडून हवा घेतात आणि त्याच वाटेने पाणीही गमावतात. ही मंडळी दिवसा छिद्रे मिटून बसतात. आपण इशाची नमाज आटोपून अंथरुणावर पडतो, तेव्हा यांचा श्वास सुरू होतो. घेतलेली हवा रात्री आंबटाच्या रूपात साठवायची आणि दिवसा उजेड आला की वापरायची. म्हणून पानात पाणी साठते आणि मुळे कोरडी राहिली तरी चालते. चालते कशाला, ती कोरडी राहावीच लागतात.

इथे आपली काळी माती आडवी येते. कापसाला, सोयाबीनला ती सोने. कुंडीत मात्र भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. नुसते शेत खणून कुंडी भरू नका. एक भाग माती, दोन भाग जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, एक भाग जुने कुजलेले शेणखत एवढे पुरे. विटांचा चुरा मिळाला तर आणखी उत्तम. कुंडी प्लास्टिकच्या देखण्या टोपलीपेक्षा मातीची बरी, कारण ती घाम गाळते. तळाला भोक हवेच. पूर्वी दुधा-दह्याचे गाडगे टांगायला जे सुतळीचे शिंके असे, त्यात लहान मातीची कुंडी छान बसते.

आता पाण्याचे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर, 342 किलोमीटरचा प्रवास. ती गाडी आपल्या मुरुड स्टेशनवरूनच पुढे गेली. ज्या गावाने हे पाहिले, तिथे शोभेच्या झाडाला पिण्याचे पाणी घालणे मनाला पटत नाही, आणि घालूही नये. या झाडांना वजूचे पाणी पुरते. हनफी मसलकात वापरलेल्या पाण्याने पुन्हा वजू होत नाही, पण ते झाडाला घालायला काहीच हरकत नाही. त्यात साबण नसतो, हा आणखी फायदा. हदीसमध्ये नोंद आहे की नबी (स.) एक मुद्द पाण्यात वजू करत. मुद्द म्हणजे भरलेली ओंजळ, एक लिटरच्या आतबाहेर. सहा इंची टांगत्या कुंडीला एका वेळेला पाव लिटर लागते. म्हणजे तेवढ्या एका वजूच्या पाण्यात तीन-चार कुंड्यांचा आठवडा निघतो. तोटी सोडून वजू केला तर किती वाया जाते, हे एकदा खाली बादली ठेवून पाहावे.

बोट दोन पेरे मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. पाने किंचित सुरकुतली की द्या, तेही भरपूर, तळातून बाहेर येईपर्यंत. बोअरचे पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर बसतो. पावसाळ्यात एकदोनदा पागोळीखाली धरून कुंडी धुऊन काढा. एरवी पावसात मात्र आतच ठेवा.

झाड निवडताना मे महिना डोळ्यांपुढे ठेवा. तस्बीहच्या मण्यांसारखी दिसणारी ती माळ दक्षिण आफ्रिकेची. प्रत्येक मण्यावर काचेसारखी एक पट्टी असते, तिथून उजेड आत जातो. सुंदर आहे, पण आपल्या उन्हाळ्यात ती जगवणे कठीण. पहिले झाड म्हणून घेऊ नये. चिनी गुलाबापासून सुरुवात करा. तो आपल्या घोळाच्या भाजीचाच भाऊबंद, ऊन जितके कडक तितका फुलतो, मात्र त्याला पाणी इतरांपेक्षा थोडे जास्त लागते. दुसरा, बारीक गोल पानांचा, तांबूस देठांचा लोंबता जेड. उन्हाळ्यात कुठलीही कुंडी पत्र्याला चिकटून टांगू नका. सर्वांत जास्त उष्णता तिथेच साठते. दोरी लांब करून पूर्वेच्या ओसरीत खाली घ्या.

खाली घेतली की शेळीचे तोंड पोहोचते, आणि बकरी ईदआधी तर घरोघरी बोकड बांधलेला असतो. म्हणून हे नीट लक्षात असू द्या: पानफुटी आणि तिच्या जातीची कलांचो झाडे जनावराच्या हृदयाला घातक आहेत. पोसलेला बोकड एका दुपारी गमावण्याची वेळ येऊ शकते. ही झाडे बोकडाच्या दाव्याच्या टप्प्यात ठेवूच नका. मण्यांची माळ रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नका. वाटाणा समजून मूल तोंडात घालते आणि उलट्या होतात. लोंबता जेड मात्र निर्धास्त. त्याच्या मूळ देशात हत्ती तो खातात, आणि शेळ्यांनी तर त्याची रानेच्या राने फस्त केली आहेत.

देठांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसा, मग निंबोळी तेल पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा.

पाऊस ओसरला की, ऑक्टोबरात, चार बोटे लांबीचे तुकडे कापा. ते लगेच लावू नका. दोन-तीन दिवस सावलीत पडू द्या, कापलेली जागा सुकू द्या, मग कोरड्या मातीत खोचा आणि आठवडाभर पाणी घालू नका. एका कुंडीतून दहा रोपे सहज होतात. शेजारणीला, माहेरी, मदरशातल्या मुलींना द्यायला ती पुरतात. देताना पाणी कधी घालायचे नाही, तेही सांगा.