छंदांच्या गावात : खांबाभोवती धावणारी मोटार

मुलामुलींनो, पूर्वी मळणीच्या दिवसांत खळ्याच्या मधोमध एक खांब रोवलेला असायचा. त्याला म्हणत तिवडा. तिवड्याला बांधलेले बैल गोल गोल फिरायचे आणि त्यांच्या पायांखाली कणसं मळली जायची. आता बैलांच्या जागी हातभर लांबीची मोटार आणि दाव्याच्या जागी पोलादी तार आणा. झाला आपला आजचा छंद तयार! या मोटारींना म्हणतात टेदर कार, म्हणजे बांधलेली गाडी.

ही गंमत सुरू झाली अमेरिकेत, १९३०च्या दशकात. तेव्हा तिथे मॉडेल विमानांसाठी छोटी पेट्रोल इंजिनं मिळू लागली होती. काही हौशी मंडळींना वाटलं, हेच इंजिन छोट्या मोटारीत बसवलं तर? बसवलं, आणि गाडी सुसाट पळाली! पण वळवणार कोण? रेडिओवरून चालवायची साधनं तेव्हा हौशी लोकांच्या हाती आली नव्हती. मोकळी सोडलेली गाडी सरळ भिंतीवर जाऊन आदळणार. मग कुणीतरी तिला खांबाला बांधलं. कॅलिफोर्नियातले डूलिंग बंधू अशा गाड्या बनवण्यात नामांकित होते. १९४०च्या दशकात या गाड्यांनी ताशी १०० मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरचा वेग मागे टाकला.

इंजिन केवढं? मोठ्या गटातलं १० सीसीचं. म्हणजे औषधाचे दोन छोटे चमचे मावतील एवढीच जागा! त्यात पेट्रोल आणि तेल एकत्र मिसळून घालायचं, कारण टू-स्ट्रोक इंजिनाला आतून वंगण त्या मिश्रणातूनच मिळतं. ठिणगीसाठी मात्र बॅटरी आणि कॉइल गाडीलाच वाहून न्यावी लागे. १९४७च्या सुमारास रे आर्डेन यांचा ग्लो-प्लग बाजारात आला. त्यात प्लॅटिनमच्या तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरुवातीला बॅटरी लावून ते तापवायचं, मग बॅटरी काढून घ्यायची. इंजिन चालू असेपर्यंत वेटोळं लालच राहतं. पण त्याला पेट्रोल चालत नाही, मिथेनॉल लागतं. म्हणून शर्यतीच्या गाड्यांनी हळूहळू पेट्रोल सोडलं.

हे मी वर्गात सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग गाडीला ब्रेक कुठे असतो?"

शाब्बास! खरा प्रश्न हाच. आजच्या १० सीसीच्या गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातात. आठ फेऱ्या म्हणजे ५०० मीटर. ते अंतर सहा सेकंदांत संपतं! गाडीचं वजन असतं जेमतेम तीन किलो. पण त्या वेगात ती तारेला दोनशे किलोहून जास्त जोराने ओढते. पन्नास किलोची चार पोती तारेला टांगल्यासारखंच की हे! तार तुटली तर काय होईल, विचार करा. म्हणून मैदानाला भक्कम कुंपण असतं आणि तार आधी तपासून घेतात.

गाडी सुरू करायलाही दोघं लागतात. एकजण काठीने तिला ढकलत पळतो. दुसरा आत उभा राहून तार जमिनीला लागणार नाही अशी उचलून धरतो. गाडीने वेग घेतला की तो मधल्या खांबापाशीच थांबतो. बाहेर पडायला वाटच नसते ना! त्याचा सगळा भरवसा त्या तारेवर आणि ती तपासणाऱ्या मित्रावर.

आणि ब्रेक? गाडीला ब्रेक नसतोच! मागच्या बाजूला एक छोटा दांडा वर आलेला असतो. लांब काठीला झाडूसारखं काहीतरी बांधून कडेचा माणूस ते गाडीच्या वाटेत धरतो. दांडा पडला की इंधन बंद होतं आणि गाडी फिरत फिरत थांबते. विमानाच्या वेगाची गाडी झाडूने थांबते, आहे की नाही गंमत?

पेट्रोल मात्र या छंदात परत आलं. खऱ्या मोटारीच्या एक पंचमांश आकाराच्या रेडिओवर चालणाऱ्या गाड्यांत साधारण २३ ते २६ सीसीची पेट्रोल इंजिनं असतात. दोरी ओढून ती सुरू करतात. कोकणातल्या मुलांनी बागेत गवत कापायचं यंत्र पाहिलं असेल, त्याच्या इंजिनाची ही सख्खी भावंडंच. मोठ्यांशिवाय पेट्रोलला हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको!

आता तुमचं काम. खोडरबराला दोरा बांधा, मोकळ्या मैदानात डोक्यावर गरगर फिरवा. आसपास कुणी नाही ना, ते आधी बघा. फिरवता फिरवता दोरा सोडा. खोडरबर कोणत्या दिशेने गेलं? आधी अंदाज वहीत लिहा, मग चित्र काढा.

आणि एक गणित : एका गाडीने ५०० मीटर ९ सेकंदांत कापले. तिचा ताशी वेग किती? उत्तर पुढच्या अंकात!