वेलस्ली आणि वसईचा तह

रिचर्ड वेलस्ली हा आयर्लंडातील उमराव. १७८४ साली त्याने ब्रिटिश पार्लमेंटात प्रवेश केला व १७९८ साली तो गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला. आमच्या शिरगावाहून फारशा दूर नसलेल्या वसईस ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याच्या धोरणाने जो तह झाला, त्याची कलमे वकिलाच्या नजरेने वाचावीत. ६,००० फौज इंग्रजांची, तिच्या खर्चास २६ लाखांचा मुलूख पेशव्यांचा, आणि परदरबाराशी बोलणे इंग्रजांच्या सल्ल्यावाचून नाही! यास मैत्री म्हणणे म्हणजे गहाणखतास दानपत्र म्हणण्यासारखेच होय. परंतु होळकरापुढून पळालेल्या बाजीरावास राज्याहून गादी प्रिय होती, हेही आम्ही का लपवावे? पुढे १८०५ साली वेलस्लीस परत जावे लागले, ते कंपनीस अन्यायाची चाड वाटली म्हणून नव्हे. त्याच्या लढायांनी तिचे कर्ज बेसुमार फुगले होते म्हणून.