अंश, छेद आणि वस्ती

२०२० च्या उन्हाळ्यात मी लंडनहून रोज दुपारी चेंबूरला आईला फोन करीत असे. तिचे उत्तर ठरलेले असे : "आपल्या गल्लीत कोणी पेशंट नाही रे." मला हायसे वाटे. पुढे ध्यानात आले, की गल्लीत कोणाची चाचणीच झाली नव्हती. ताप अंगावर काढणारे होते. कारण चाचणी म्हणजे विलगीकरण आणि विलगीकरण म्हणजे बुडालेली मजुरी.

रुग्णसंख्या हा केवळ अंश आहे. चाचण्यांची संख्या हा छेद. एक हजार चाचण्यांत ५० बाधित आढळले तर दर ५ टक्के. दोनशे चाचण्यांत ५० आढळले तर २५ टक्के. रुग्ण तेवढेच, पण दुसऱ्या ठिकाणी बहुधा उघड आजारी असलेल्यांनाच तपासले जात आहे आणि बरेच बाधित नजरेआड राहत आहेत. म्हणूनच निर्बंध शिथिल करण्यापूर्वी हा दर किमान १४ दिवस ५ टक्क्यांखाली असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सुचवले.

तथापि हा दरही फसवू शकतो. संसर्गाचा धोका कमी असलेल्यांच्या चाचण्या वाढवल्या, की तो उतरतो. वस्तीतील साथ मात्र तशीच राहते. छेदात किती माणसे आहेत, याइतकेच ती कोण आहेत, हेही महत्त्वाचे. जुलै २०२० मध्ये माटुंगा, चेंबूर व दहिसर भागांतील तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. नमुना झोपडवस्त्यांतून आणि इतर वसाहतींतूनही घेतला होता. वस्त्यांत सुमारे ५७ टक्के, तर इतरत्र सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. चाचणीपर्यंत न पोहोचलेली माणसे त्या पाहणीत मोजली गेली.

मोजणीतील चूक श्रीमंत देशांतही घडते. त्याच शरद ऋतूत इंग्लंडमध्ये १५,८४१ बाधितांच्या नोंदी जुन्या एक्सेल फाइलच्या ओळी संपल्यामुळे दैनंदिन आकड्यांतून गळाल्या आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. ती चूक काही दिवसांत उघड झाली, कारण नोंद कोठेतरी होती. आमच्या गल्लीची नोंदच नव्हती.

पुढील साथीत आकडा ऐकताच आपण दोन प्रश्न विचारावेत : चाचण्या किती आणि कोणाच्या? तिसरा प्रश्न शासनाला : चाचणीस येणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचे काय?